पडद्यावरचे बाबासाहेब, रानशेतहून पाहताना

राजकीय नेत्यावर चित्रपट काढणं हे आपल्याकडे फार जोखमीचं काम मानलं जातं, आणि ते खरंही आहे. संतांवरचे चित्रपट आपण भक्तीनं पाहतो, शिवकालातले अभिमानानं पाहतो. पण ज्या नेत्याला प्रत्यक्ष ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत, ज्याच्या नावानं आजही मतं मागितली जातात, त्याला पडद्यावर आणायचं म्हणजे प्रत्येक प्रेक्षक परीक्षक होऊन बसलेला असतो. चष्मा जरा वेगळा दिसला, चालीत थोडा फरक पडला, की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘हे ते नव्हेत.’ त्यात नेता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा असेल, तर विचारूच नका. ज्यांचा फोटो कोट्यवधी घरांत देवाच्या जागी लावलेला आहे, त्या माणसाला हसताना, रडताना, चिडताना, आजारी पडताना दाखवायचं हे साधं धाडस नव्हे.

मराठीत या वाटेवर पहिलं मोठं पाऊल आचार्य अत्रे यांनी टाकलं, असं म्हणायला हरकत नाही. १९५४ साली त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. बाबूराव पेंढारकरांनी जोतीराव उभे केले, सुलोचनाबाईंनी सावित्रीबाई. या चित्रपटाच्या मुहूर्ताला खुद्द डॉ. आंबेडकर हजर होते, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. शूद्र पूर्वी कोण होते, हा १९४६ सालचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला होता. आपल्या गुरूवर चित्रपट निघतो आहे आणि आपण त्याचा मुहूर्त पाहतो आहोत, या प्रसंगी त्यांच्या मनात काय आलं असेल? पुढे आपल्यावरही असा चित्रपट निघेल आणि त्याला पंचेचाळीस वर्षं लागतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते नुसते हसले असते.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. १९८२ साली रिचर्ड अटेनबरो यांचा ‘गांधी’ आला. आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे एनएफडीसीचा, पैसा त्यात होता. बेन किंग्जली यांच्या गांधीजींनी सगळं जग जिंकलं. कस्तुरबांच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी होत्या, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळालं. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असं त्यात बरंच काही होतं. पण तीन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डॉ. आंबेडकर नावाचं पात्रच नाही. गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, देशाची राज्यघटना झाली, आणि या सगळ्यात जो माणूस मध्यभागी उभा होता तो जगानं पाहिलेल्या या इतिहासात कुठेच नाही. चित्रपटात सगळं येऊ शकत नाही, हे मान्य. तरीही कुणाला गाळलं यावरून इतिहास कुणाच्या खिडकीतून पाहिला, ते कळतं.

ही उणीव भरून काढायचं काम अखेर डॉ. जब्बार पटेल यांच्याकडे आलं. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे चित्रपट देणारा हा दिग्दर्शक पेशानं बालरोगतज्ज्ञ. पैसा केंद्र सरकारचा आणि महाराष्ट्र सरकारचा, निर्मिती एनएफडीसीची. पटकथेसाठी तीन माणसं एकत्र आली, आणि ती तिघंही तीन वेगळ्या जगांतली. ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार, मुंबईचं राजकारण कादंबरीत पकडणारे अरुण साधू, आणि ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा लिहिणाऱ्या सूनी तारापोरवाला. दया पवार १९९६ साली गेले. पुरा झालेला चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही. छायाचित्रण अशोक मेहता यांचं, कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचं. रमाबाई झाल्या सोनाली कुलकर्णी, माईसाहेब झाल्या मृणाल कुलकर्णी, आणि गांधीजींची भूमिका मोहन गोखले यांनी केली. मोहन गोखलेही एप्रिल १९९९ मध्ये अचानक गेले. डिसेंबर २००० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावरचे गांधीजी आणि पटकथेतला एक लेखक असे दोघे आपल्यात नव्हते.

आता मुख्य भूमिकेकडे येऊ. बाबासाहेब कुणी करायचे? महूला जन्मलेला, कोकणातल्या आंबडव्याचं मूळ सांगणारा, मुंबईच्या चाळीत वाढलेला हा अस्सल मराठी माणूस. त्याची भूमिका करायला निवडला गेला तो केरळचा मामुट्टी! अनेकांच्या भुवया तेव्हा उंचावल्या. ज्याला मराठी येत नाही, ज्यानं आयुष्यभर मल्याळी नायक रंगवले, तो आमचे बाबासाहेब काय करणार? त्यात मामुट्टींची ती भरघोस मिशी. ती काढायला ते सुरुवातीला तयार नव्हते, असं जब्बार पटेलांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे. शेवटी मिशी गेली, आणि त्या जागी एक रुंद, गंभीर, जरासा दुखावलेला चेहरा उरला. तो चेहरा पाहिल्यावर निवडीबद्दलचे बरेच आक्षेप आपोआप मागे पडले.

तरी नुसतं दिसण्यावर ही निवड पाहू नये. मामुट्टी हे कायद्याचे पदवीधर. एर्नाकुलमला शिकले, काही काळ त्यांनी वकिलीही केली. कागदपत्रं कशी हातात धरायची, मुद्दा मांडताना कुठे थांबायचं, समोरच्याचं बोलणं ऐकताना चेहरा कसा कोरा ठेवायचा, हे त्यांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. दुसरं असं, की या भूमिकेआधी त्यांना दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. त्यातला १९९३ सालचा पुरस्कार दोन चित्रपटांसाठी होता, आणि ते दोन चित्रपट एकत्र आठवले की मी थक्क होतो. अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘विधेयन’मध्ये मामुट्टींनी एक क्रूर जमीनदार केला, जो आपल्या गड्याला माणूस समजतच नाही. आणि टी. व्ही. चंद्रन यांच्या ‘पोंतन माडा’मध्ये जातीच्या उतरंडीत तळाशी असलेला एक मजूर केला. एकाच वर्षात लाथ मारणारा आणि लाथ खाणारा, असे दोघेही ज्यानं आतून समजून घेतले, त्याच्याकडे बाबासाहेबांची भूमिका जावी, यात एक संगती आहे.

या अभिनयाबद्दल मला सर्वांत काय आवडलं, ते सांगतो. मामुट्टी भाषण ठोकत नाहीत. नेत्यावरच्या चित्रपटांत नट सहसा प्रत्येक वाक्य लाखोंच्या सभेत बोलल्यासारखं बोलतो. घरात पाणी मागायचं तरी सभा जिंकल्यासारखं! इथे तसं नाही. कोलंबियात शिकणारा तरुण भीमराव अंगानं सडसडीत, जरा बुजरा, पुस्तकांकडे अधाशासारखा पाहणारा आहे. महाडला तोच माणूस ताठ होतो. लंडनच्या परिषदेत आवाज चढत नाही, उलट थंड होतो, आणि तो थंडपणाच जास्त धारदार वाटतो. आणि शेवटच्या वर्षांत शरीर थकलेलं, पाय दुखणारे, खांदे खाली आलेले. पण डोळ्यांतली ती धग तशीच. सुमारे चार दशकांचा हा प्रवास नुसत्या पांढऱ्या केसांनी दाखवता येत नाही. त्यासाठी नटाला श्वास बदलावा लागतो.

आवाजाचं तर विशेषच. हे रेडिओवर बोलतो आहे म्हणून सांगतो. बाबासाहेबांचा खरा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. १९५५ साली बीबीसीनं त्यांची मुलाखत घेतली होती, ती उपलब्ध आहे. त्याआधी ऑक्टोबर १९५४ मध्ये आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वत्रयी फ्रेंच राज्यक्रांतीतून उचललेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे, असं स्पष्ट केलं होतं. बीबीसीच्या मुलाखतीतला आवाज कसा आहे? मोठा नाही, गोडही नाही. शब्द तोडून तोडून येतात, मध्ये आडपडदा नाही, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून एकही वाक्य नाही. मामुट्टींनी त्या आवाजाची नक्कल केलेली नाही. त्यांच्या इंग्रजीत केरळ मधूनच डोकावतो. पण बोलण्यामागची ती वृत्ती, समोरच्याला खूश करायची अजिबात गरज नसलेल्या माणसाची, ती त्यांनी बरोबर उचलली. या भूमिकेसाठी त्यांना तिसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अजय देवगण यांच्याबरोबर विभागून होता. चित्रपट इंग्रजी भाषेतला सर्वोत्कृष्ट ठरला आणि देसाई यांच्या कलादिग्दर्शनाचाही गौरव झाला.

गांधीजी आणि बाबासाहेब यांची गाठ हा या चित्रपटाचा कणा. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला मणिभवनात दोघं प्रथम भेटले. आपल्याला मायभूमीच नाही, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे तेव्हाचे उद्गार इतिहासात नोंदलेले आहेत. पुढच्या वर्षी येरवड्याला गांधीजींचं उपोषण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. या भागात चित्रपट गांधीजींना खलनायक करत नाही आणि बाबासाहेबांना हुतात्माही करत नाही. दोन मोठी माणसं, दोघांच्याही मागे आपापली माणसं, आणि मध्ये घड्याळाचा काटा. करारावर सही करणाऱ्या माणसाच्या मनातला कढ मामुट्टी जवळजवळ न बोलता दाखवतात. मला तरी चित्रपटातला तोच भाग सर्वांत खोल वाटला.

उणिवाही आहेत, त्या झाकायचं कारण नाही. पासष्ट वर्षांचं आयुष्य तीन तासांत बसवताना काही ठिकाणी नुसती तारखांची उजळणी झाल्यासारखी वाटते. चित्रपट मुळात इंग्रजीत, त्यामुळे महाडच्या तळ्याकाठचा आणि नाशिकच्या काळाराम मंदिरासमोरचा प्रसंग पाहताना कान मराठी शोधत राहतात. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे हा चित्रपट लोकांपर्यंत धड पोचलाच नाही. थिएटरांत तो फार ठिकाणी लागला नाही आणि फार दिवस टिकलाही नाही. तमिळमध्ये तर तो दहा वर्षांनी, २०१० च्या डिसेंबरात, न्यायालयाची पायरी चढून झाल्यावर प्रदर्शित झाला. सरकारी पैशातून चित्रपट काढायचा आणि मग तो गोदामात ठेवायचा, ही आपली जुनीच रीत.

आमच्या भागात मात्र तो आला, आपल्या पद्धतीनं आला. मी रानशेतला इतिहास शिकवत होतो. रानशेत हे डहाणू तालुक्यातलं गाव. पाड्यापाड्यांत विखुरलेली वस्ती, बहुतेक घरं आदिवासींची, पावसाळ्यात भात, आणि भात झालं की कामाच्या शोधात बाहेर पडायचं. कुणीतरी हिंदीत डब केलेल्या चित्रपटाच्या सीडी आणल्या, आणि ६ डिसेंबरच्या सुमारास तो आम्ही मुलांना दाखवू लागलो. भारनियमनाचे दिवस होते. एकदा चित्रपट पुणे करारापर्यंत आला आणि वीज गेली, ती रात्रीपर्यंत आलीच नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला. मधल्या रात्री मुलांनी आपापसांत पैजा लावल्या होत्या, सही करतील की नाही करणार! इतिहासाच्या तासाला एवढी उत्सुकता मी कधी पाहिली नव्हती.

मुलांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा बरे असतात. एकानं विचारलं, एवढी पुस्तकं त्यांनी वाचनालयात परत कधी केली? दुसऱ्याला त्यांच्या बुटांचं नवल वाटलं. पण सातवीतल्या एका मुलीनं सरळ विचारलं, ‘‘आमचे वारल्यांसाठी त्यांनी काय केलं, गुरुजी?’’ वर्गातली चुळबुळ थांबली. या प्रश्नाला ‘त्यांनी सगळ्यांसाठीच केलं’ असं गुळमुळीत उत्तर देता आलं असतं, पण ते इतिहासाचं उत्तर झालं नसतं. त्या मुलीला जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट सुरू होते १९३६ साली. त्या वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच पाहा, जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर जे निवडून आले, त्यांत शामराव परुळेकर हे एक होते. कोकणातल्या खोतांची सत्ता मोडायची म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, तेव्हा त्यात बाबासाहेबांबरोबर शामराव होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा जो मोठा संप झाला, त्यातही लाल बावटा आणि बाबासाहेब एका बाजूला होते. चित्रपटाचा भर महाड, नाशिक, लंडन, पुणे, दिल्ली, नागपूर यांवर आहे. पण आमच्या भागाच्या दृष्टीनं हा १९३७-३८ चा अध्याय फार मोलाचा. कारण हेच शामराव पुढे कम्युनिस्ट झाले, आणि त्यांच्याबरोबर गोदूताई डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आल्या.

गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले, पुण्याच्या वकिलाची मुलगी. बाबासाहेबांप्रमाणेच त्याही कायदा शिकल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे माह्या धांगडा आणि त्यांच्यासोबत आलेल्या वारली बांधवांनी आपली कहाणी सांगितली. वेठबिगार म्हणजे सावकार बोलवेल तेव्हा फुकट राबायचं. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोनं जन्मभर, आणि त्यांच्यामागे मुलांनीही, मालकाकडे राबायचं. मार, उपासमार, बायकांची विटंबना, हे सगळं त्यात आलंच. गोदूताईंनी हे पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७० साली ते आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

आता १९४५ चा मे महिना पाहा. ६ मे रोजी मुंबईत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचं अधिवेशन झालं. तिथे बाबासाहेबांनी देशातला जातीय प्रश्न कसा सोडवावा याचा एक विस्तृत आराखडा मांडला. कायदेमंडळात कुणाला किती जागा असाव्यात याचा बारीक हिशेब त्यात आहे. पण त्या हिशेबात आदिवासी नाहीत. का नाहीत, तेही त्यांनी सांगितलं. मिळालेल्या राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याची जाण आदिवासींना अजून आलेली नाही, ते कुणाच्या तरी हातातलं साधन होऊन बसतील, अशा आशयाचं त्यांचं मत होतं. त्यांच्या प्रदेशांसाठी वेगळा आयोग असावा, अशी त्यांची सूचना होती.

आणि त्यानंतर सतराच दिवसांनी, २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी या गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, लग्नगडी म्हणून कुणी राहायचं नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. नंतर गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. मग गवताच्या मजुरीचा लढा उभा राहिला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत, एवढीच मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या हजारोंवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात ठार झाले. तरी लोक हटले नाहीत.

एका बाजूला मुंबईतलं ते भाषण, दुसऱ्या बाजूला झरीची शपथ. मध्ये दिवस सतरा आणि अंतर शे-दीडशे किलोमीटरचं. ज्यांना राजकीय जाण आलेली नाही असं देशातला सर्वांत विद्वान माणूस म्हणत होता, ते लोक जाण कशाला म्हणतात हे दाखवून देत होते. त्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, त्यामुळे त्यांनी काही खुलासा छापला नाही. ते फक्त सावकाराच्या दारात वेठीला गेले नाहीत.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग बाबासाहेबांचं चुकलंच की! इतक्या घाईनं निकाल देऊ नये. कारण गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत जयपालसिंग मुंडा उठले आणि आदिवासींना लोकशाही शिकवायची गरज नाही, तुम्हीच ती त्यांच्याकडून शिका, अशा अर्थाचं बोलले. ठक्करबाप्पांच्या उपसमितीनं आदिवासी भागांचा विचार केला. आणि शेवटी जी राज्यघटना मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांच्या हातून सिद्ध झाली, तिच्यात अनुसूचित जमातींसाठी लोकसभेत आणि विधानसभांत राखीव जागा आहेत आणि आदिवासी क्षेत्रांसाठी पाचवी अनुसूची आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके त्या अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा कायदा आमच्या ग्रामसभेला जे अधिकार देतो, त्याचं मूळ तिथेच आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रौढ मताधिकार. त्याची मागणी बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनसमोर केली होती. ना जमीन, ना शिक्षण, तरीही पाड्यावरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला एक मत मिळालं. १९५७ साली शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले, ते या मतांवरच. १९४५ साली ज्यांना हिशेबात धरलं नव्हतं, त्यांना १९५० साली घटनेनं धरलं. याचं श्रेय एकट्या कुणाचं नाही. त्यात दिल्लीतल्या चर्चेचा वाटा आहे, तसा झरीच्या शपथेचा आणि देशभरच्या अशा लढ्यांचाही आहे.

हे सगळं त्या मुलीला मी सोपं करून सांगितलं. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनी आमचं नाव नंतर लिहिलं.’’ याहून चांगलं वाक्य मला सुचलं नसतं.

आता चित्रपटाकडे पुन्हा येतो. पुतळ्याला असा प्रश्न विचारता येतो का? पुतळा बोट उंचावून उभा असतो, आपण हार घालतो आणि घरी जातो. पडद्यावर तीन तास एक जिवंत माणूस पाहिला, त्याला वाचताना, अडखळताना, मुलाच्या मृत्यूनं कोसळताना, रमाबाईंच्या आजारपणात अपराधी वाटून घेताना पाहिलं, की मगच ‘तुम्ही आमच्यासाठी काय केलं’ असं विचारायला जीभ उचलते. मामुट्टींच्या अभिनयाचं हे मोल मी सर्वांत वर धरतो. त्यांनी बाबासाहेबांना लहान केलं नाही. त्यांनी त्यांना बोलण्याच्या अंतरावर आणलं.

आणि हे बाबासाहेबांच्या शिकवणीला धरूनच आहे. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या अखेरच्या भाषणात त्यांनी देशाला बजावलं, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. ज्यानं असं सांगितलं, त्याच्यावरचा चित्रपट पाहून आपण फक्त हात जोडले, तर चित्रपट वाया गेला म्हणायचा. प्रश्न पडला, पुस्तक उघडलं, १९४५ सालचं भाषण शोधून वाचलं, वाद घातला, तर तो सार्थकी लागला.

एक रुखरुख मात्र राहतेच. अत्र्यांनी फुले केले, पटेलांनी आंबेडकर केले. माह्या धांगडा, जेठ्या गांगड यांचा चेहरा मात्र आमच्या मुलांनी पडद्यावर पाहिलेला नाही. गोदूताई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या. त्यांचे शब्द पुस्तकात तरी आहेत. शामराव १९६५ साली तुरुंगातच गेले. पण झरीला जमलेल्या त्या पाच हजारांपैकी बहुतेकांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत नाहीत. नेत्याची भूमिका करणारा मोठा नट कुठूनही आणता येतो, केरळातूनही. शपथ घेणाऱ्या पाच हजारांची भूमिका करायला मात्र आमच्या पाड्यांवरच यावं लागेल. कुणी आलंच, तर माणसं तयार आहेत. त्यांना गवत कापायला शिकवावं लागणार नाही, आणि शपथेचे शब्द तर घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलेलेच आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)